जंगल टिकले, गावाचे काय?

दर उन्हाळ्यात उत्तराखंडातील डोंगर पेटू लागले, की दिल्लीत एक ठरावीक चर्चा सुरू होते. उपग्रहांनी टिपलेल्या आगींची संख्या जाहीर होते, हेलिकॉप्टरांतून पाणी टाकल्याची छायाचित्रे छापून येतात, चिडाच्या वाळलेल्या पानांना दोष दिला जातो आणि पहिला पाऊस पडला की विषयही विझतो. २०२४च्या एप्रिलअखेरीस नैनिताल परिसरातील आगी विझवण्यासाठी हवाई दलाला पाचारण करावे लागले. त्याच वर्षी १३ जूनला अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी होरपळून मरण पावले. त्या दिवसांत माझ्या मनात जो प्रश्न होता, तो मला कोणत्याही चर्चेत ऐकू आला नाही. आग लागली तेव्हा आसपासच्या गावांतून विझवायला धावले किती जण? आणि धावण्यासाठी गावात शिल्लक तरी किती जण होते?

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये कलम ७९ आहे. ज्यांना राखीव किंवा संरक्षित जंगलात काही हक्क आहेत, त्यांनी आग विझवायला मदत केली पाहिजे, असे ते सांगते. कायदा करणाऱ्या परक्या सरकारलाही एवढे कळले होते, की कर्तव्य हे हक्काला बांधून येते. हक्क काढून घेतला, तर कर्तव्य कागदावरच उरते.

‘शाश्वतता’ हा शब्द आज सरकारी टिपणीपासून सिमेंटच्या जाहिरातीपर्यंत इतका सैल वापरला जातो, की त्याचा मूळ अर्थ पुन्हा सांगणे भाग आहे. आपण सामान्यतः १९८७च्या ब्रुंटलँड आयोगाची व्याख्या पुढे करतो: पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास. परंतु शब्दाचे कूळ याहून जुने आहे. १७१३ मध्ये हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या सॅक्सनीतील खाण-प्रशासकाने वनशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लागणारे लाकूड संपत चालले होते. त्यावर त्याचे उत्तर साधे होते: जेवढे वाढते तेवढेच तोडावे. व्याज खावे, मुद्दल राखावे, असे आपल्याकडचा कोणताही सावध गृहस्थ सांगतो, तेच हे. मात्र इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यातली एक बाब नेहमी खटकत आली आहे. हे गणित खाणीसाठी मांडलेले होते. जंगलाच्या कडेला राहणारी, सरपण नेणारी, गुरे चारणारी माणसे त्या गणितात खर्चाच्या बाजूला होती.

हेच गणित जर्मन वनशास्त्रज्ञांबरोबर आपल्याकडे आले. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. रेल्वेला स्लीपर हवे होते, नौबांधणीला सागवान हवे होते आणि साम्राज्याला ही रसद अखंड हवी होती. १८७८च्या वन कायद्याआधी झालेला वाद आजच्या धोरणकर्त्यांनी मुळातून वाचण्यासारखा आहे. बेडन-पॉवेल यांच्यासारख्यांचे म्हणणे होते, की जंगलावर अंतिम मालकी राज्याचीच आणि गावकऱ्यांचा जुना वापर ही केवळ सवलत. ब्रँडिस स्वतः त्या मानाने मवाळ होते. गावांची म्हणून काही जंगले असावीत, असे त्यांना वाटे. मद्रासच्या महसूल अधिकाऱ्यांनी तर विधेयकावर उघड हरकत घेतली होती. जिंकला तो पहिला पक्ष. कायद्यात ‘ग्रामवने’ हे प्रकरण राहिले खरे, पण देशाच्या बहुतेक भागांत ते छापील पानाबाहेर कधी आलेच नाही.

जिथे त्याच्याशी मिळतेजुळते काही आले, तो प्रदेश म्हणजे कुमाऊँ. तेही सरकारच्या शहाणपणातून आले नाही.

कुमाऊँत १८९३ मध्ये सगळी बेमोजणी, म्हणजे ‘बेनाप’, जमीन एका अधिसूचनेने संरक्षित वन ठरवण्यात आली. पुढे १९११ ते १९१७ या काळात मोठमोठे पट्टे राखीव झाले. चराई, पालापाचोळा, फांद्या तोडणे, गवतासाठी डोंगर जाळणे, सगळ्यावर बंधने आली. १९२१च्या जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात लोकांनी वेठबिगारीची रजिस्टरे शरयूच्या पात्रात फेकली. हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात राखीव जंगले पेटली, हे मात्र कमी जणांना माहीत असते. रामचंद्र गुहा यांनी ‘द अनक्वाएट वूड्स’ या ग्रंथात एक मार्मिक बाब नोंदवली आहे. जळाली ती मुख्यतः चिडाची जंगले. बांजाच्या रुंदपर्णी जंगलांना झळ लागल्याचा पुरावा सापडत नाही.

बांज म्हणजे हिमालयातला ओक. त्याचा पाला गुरे खातात, गळलेली पाने गोठ्यात अंथरून खत होते, त्याच्या मुळांखालची माती ओल धरून ठेवते आणि डोंगरातले झरे त्या ओलीवर जगतात. चीड सरकारला हवा होता, कारण त्यातून राळ आणि इमारती लाकूड मिळे. त्याच्या सुयांसारख्या पानांना, म्हणजे पिरूलला, गुरे तोंड लावत नाहीत आणि वाळली की ती काडेपेटीसारखी पेटतात. वनखात्याच्या गणितात चीड हाच ‘शाश्वत उत्पन्न’ देणारा वृक्ष होता. गावाच्या गणितात बांज. लोकांनी आग लावताना दोन्हींत भेद केला. ती कृती गुन्हा होती यात शंका नाही, पण ती आंधळी नव्हती.

या उद्रेकानंतर कमिशनर पर्सी विंडहॅम यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींनुसार व्यापारी दृष्टीने कमी मोलाची जंगले वनखात्याकडून काढून मुलकी प्रशासनाकडे देण्यात आली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. गावाने अर्ज करायचा, हद्द आखायची, पंच निवडायचे आणि त्या पंचांनी जंगल सांभाळायचे. गवत कधी कापायचे, किती भारे न्यायचे, चराई कुठे बंद ठेवायची, राखणदार कोण आणि त्याला काय द्यायचे, नियम मोडणाऱ्याला दंड किती, हे सारे गावाच्या हाती. ब्रिटिश राजवटीने घेतलेल्या माघारींपैकी ही सर्वांत विवेकी माघार होती, असे माझे मत आहे. आज उत्तराखंडात अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत आणि त्यांच्याकडे चार लाख हेक्टरांहून अधिक जंगल आहे.

१९९०च्या दशकाच्या आरंभी, उत्तराखंड वेगळे होण्यापूर्वी, मी त्या डोंगरी भागात प्रांताधिकारी होतो. वनपंचायतींचे दप्तर तपासणे हे माझ्या कामांपैकी एक. खरे सांगायचे तर तरुण अधिकारी ज्या कामांकडे दुर्लक्ष करतात, त्यांतलेच ते. एका गावात सरपंचांनी पत्र्याच्या पेटीतून १९४०च्या दशकापासूनची रजिस्टरे काढून माझ्यापुढे ठेवली. बंदीच्या काळात गवत कापले म्हणून आठ आणे दंड. दंड न भरल्याने विळा जप्त. पुढच्या बैठकीत दंड भरला, विळा परत. एका नोंदीत दंड झालेला इसम हा पंचांपैकीच एकाचा सख्खा भाऊ होता. विद्यापीठात मी वन कायद्यांच्या इतिहासावर निबंध लिहिले होते. पण जंगल टिकण्यामागे नेमके काय असते, हे मला त्या विळ्याच्या नोंदीने पहिल्यांदा कळले. दंड आठ आणे होता म्हणून तो परिणामकारक नव्हता. दंड करणारा माणूस उद्याही त्याच पाणवठ्यावर भेटणार होता, म्हणून तो परिणामकारक होता.

अर्थशास्त्रज्ञांनी हे बऱ्याच उशिरा मान्य केले. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी सामायिक संपत्तीचा नाश अटळ असल्याचे मांडले आणि पुढची दोन दशके सरकारे त्याच सूत्रावर चालली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की गावे नियम करतात, पाळतात आणि पिढ्यान् पिढ्या पाळतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी मध्य हिमालयातील जंगलांवरील एक अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष असा, की वनपंचायतींची जंगले सरकारी जंगलांपेक्षा वाईट स्थितीत नाहीत, कदाचित थोडी बरीच आहेत. आणि त्यांच्या व्यवस्थापनाचा दर हेक्टरी खर्च सरकारी खर्चाच्या जेमतेम एक दशांश आहे. कोणत्याही वित्त सचिवाने हे वाक्य टेबलावर लावून ठेवावे.

वनपंचायती म्हणजे रामराज्य होते, असे मी म्हणत नाही. डोक्यावर गवताचे भारे वाहणाऱ्या स्त्रिया होत्या आणि पंच पुरुष होते; स्त्रियांना तिथे जागा मिळायला अनेक दशके जावी लागली. दलित कुटुंबांच्या वाट्याला जंगलातला दूरचा आणि उघडा भाग येई, हेही मी पाहिले आहे. गाव हा शब्द उच्चारला, की आतल्या उतरंडी नाहीशा होत नाहीत. पण या दोषांवरचा उपाय पंचायत अधिक व्यापक करणे हा होता. आपण केले ते वेगळेच.

१९७६च्या नियमांनी पंचायतींचे अधिकार आवळले. १९९०च्या दशकाअखेर परदेशी कर्जातून संयुक्त वनव्यवस्थापनाचे प्रकल्प आले. जिथे गाव साठ वर्षे स्वतः व्यवस्थापन करत होते, तिथे आता ते ‘संयुक्त’ झाले. आराखडे, खाती आणि सह्यांत वनखात्याचा हात शिरला. काही गावांत रोपवाटिका आणि कुंपणांसाठी एका वर्षात एवढा पैसा आला, जेवढा पंचायतीने सबंध इतिहासात पाहिला नव्हता, आणि प्रकल्प संपताच तो थांबला. मधल्या काळात वर्गणी काढून राखणदार ठेवण्याची सवय मोडून गेली. मोडलेली सवय अनुदानाने परत येत नाही.

या अपश्रेयातला माझा वाटाही सांगितला पाहिजे. एका हिवाळ्यात मोठी बर्फवृष्टी होऊन एका वनपंचायतीतली वीस-बावीस झाडे उन्मळून पडली. ती विकून राखणदाराचा थकलेला पगार द्यावा आणि शाळेचे छप्पर नीट करावे, असा पंचांचा अर्ज माझ्याकडे आला. झाडे पडलेली होती, तोडायची नव्हती. मी अनुकूल शेरा मारला आणि फाइल पुढे पाठवली. पुढच्या कार्यालयाने मोजमाप मागितले, त्याच्या पुढच्याने पंचायतीच्या हद्दीचा नकाशा मागितला, नकाशा आल्यावर मोजमाप जुने झाले. चौदा महिन्यांत फाइल चार वेळा माझ्या टेबलावरून गेली आणि चारही वेळा मी निर्दोष टिपणी लिहिली. एकदाही जीपमध्ये बसून पुढच्या कार्यालयात गेलो नाही. परवानगी आली तेव्हा लाकूड कुजले होते. राखणदार दिल्लीला एका हॉटेलात कामाला लागला होता. सरपंच माझ्याशी अतिशय अदबीने बोलले, मला चहा दिला, आणि त्यानंतर कोणताही अर्ज घेऊन ते माझ्याकडे आले नाहीत.

सामुदायिक शाश्वततेचा मूलभूत अर्थ मी या अनुभवाच्या उजेडात वाचतो. वाढते तेवढेच घ्यावे, हा त्याचा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा असा: किती घ्यायचे हे जो ठरवतो, त्यालाच त्या निर्णयाचे फळ आणि नुकसान भोगायला लागावे, आणि त्याला तिथे राहून जगता यावे. यांतली एक बाजू निसटली, तर झाडे काही काळ उभी राहतील, पण त्यांना राखणारे कोणी उरणार नाही.

आज डोंगरात नेमके हेच घडते आहे. २०११च्या जनगणनेत अल्मोडा आणि पौडी गढवाल या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली आढळली. राज्याच्या पलायन आयोगाने २०१८च्या अहवालात नोंदवले, की २०११ नंतर ७३४ गावे पूर्ण निर्जन झाली. त्याच वर्षी नीति आयोगाच्या झऱ्यांवरील अहवालाने सांगितले, की हिमालयी प्रदेशातले जवळपास निम्मे बारमाही झरे आटले आहेत किंवा हंगामी झाले आहेत. कुमाऊँत झऱ्यावर दगडी छत घालून बांधलेल्या छोट्या कुंडाला ‘नौला’ म्हणतात. काही नौले कित्येक शतके जुने आहेत. ज्या गावातला नौला आटतो, तिथे बायकांना पाण्यासाठी आणखी खाली उतरावे लागते आणि मुलाने शहरात खोली घेतली, की सून पहिल्या संधीला निघते. पलायनाची कारणे अर्थातच अनेक आहेत. शाळा, दवाखाना आणि रोजगार ही त्यांतली मोठी. पण पाणी आणि चारा हे ते कारण आहे, ज्यावर गावाचा स्वतःचा ताबा होता.

याउलट, याच राज्याचा वन अहवाल उघडला तर चित्र समाधानाचे दिसते. राज्याच्या सुमारे ४५ टक्के भूभागावर वनाच्छादन. आपल्या वन सर्वेक्षणात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर दहा टक्के झाडोरा दिसला, की ते वन. मालकी कोणाची आणि झाड कोणते, याला महत्त्व नाही. ओसाड पडलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत उद्या चीड उगवला, तर हा आकडा वाढेल. तिथे रानडुकरे आणि बिबटे फिरत असतील, घरांची दारे कुलूपबंद असतील, आणि अहवाल प्रगती नोंदवील. कार्लोविट्झच्या गणितात हे बसते. मुद्दल वाढले आहे. घर मात्र रिकामे आहे.

कायद्याची दिशा काय आहे? २००६च्या वनहक्क कायद्याने सामुदायिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क मानला. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला सुमारे १,८०० हेक्टरांवर असा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. हे दोन्ही निकाल एकाच तत्त्वाचे आहेत. परंतु ज्या उत्तराखंडात गावांना जंगल सांभाळण्याचा नव्वद वर्षांचा अनुभव आहे, तिथेच या कायद्याची अंमलबजावणी अत्यल्प आहे. ‘आमच्याकडे वनपंचायती आहेतच’ असे सांगून प्रशासन तो प्रश्न टाळते. वनपंचायत ही नियमांनी दिलेली सोय आहे, नियम बदलून ती आकसता येते, आणि ती आकसलेली आपण पाहिली आहे. वनहक्क हा संसदेच्या कायद्याने मान्य केलेला हक्क आहे. हा भेद न कळण्याइतके आम्ही अधिकारी भोळे नसतो.

दरम्यान २०२३ मध्ये वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. आंतरराष्ट्रीय सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतले, राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित असे रस्त्यांसारखे रेषीय प्रकल्प कायद्याच्या पूर्वपरवानगीतून वगळण्यात आले. नकाशावर तिबेट आणि नेपाळच्या सीमांपासून शंभर किलोमीटरची रेघ ओढून पाहावी. उत्तराखंडाचा बहुतांश भाग तिच्या आत येतो. सीमेवर रस्ते हवेत, याविषयी कोणाचे दुमत असू नये. पण सीमेवर माणसेही हवीत, हे आपल्या सेनाधिकाऱ्यांइतके कोणी कळकळीने सांगत नाही. केंद्राने सीमेवरच्या गावांसाठी ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ योजना आणली आहे, ती याच जाणिवेतून. एका हाताने गावे वसवायची आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या जंगलाविषयीची विचारणा अनावश्यक ठरवायची, यातली विसंगती मला तरी दुर्लक्षिण्याजोगी वाटत नाही.

मे २०२४ मध्ये आगी भडकल्यावर राज्य सरकारने पिरूल गोळा करणाऱ्यांना किलोमागे ५० रुपये देण्याची घोषणा केली. हेतू चांगला आहे आणि गरीब स्त्रियांच्या हाती दोन पैसे येतील, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण ही मजुरी झाली. जंगलात पुढे चीड वाढू द्यायचा की बांज लावायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्या मजुरीबरोबर येत नाही. बांज लावायला आणि त्याची राखण करायला वीस-तीस वर्षे लागतात. एवढा धीर एखादी योजना धरू शकत नाही. गाव धरू शकते, तेही आपले काही तिथे राहणार आहे अशी खात्री असेल तरच. माझ्या मते आग व्यवस्थापनाच्या निधीचा ठरावीक हिस्सा थेट वनपंचायतीच्या खात्यात, राखणदाराच्या पगारासाठी, दरवर्षी न मागता जमा व्हावा. पडलेल्या झाडांच्या विक्रीचा निर्णय पंचांनी घ्यावा आणि खात्याला केवळ कळवावा. आणि वनपंचायतींच्या हद्दींना वनहक्क कायद्याखाली मान्यता द्यावी. यांतल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही.

निवृत्तीनंतर मी त्या पत्र्याच्या पेटीच्या गावी एकदा जाऊन आलो. जुने सरपंच आता नाहीत. विद्यमान सरपंच हल्द्वानीला मुलाकडे राहतात आणि महिन्यातून एखादे वेळी वर येतात. पेटी एका वृद्ध बाईंच्या घरी आहे. त्या पंच आहेत आणि गावात राहणाऱ्या पंचांपैकी त्या एकट्याच. शेवटची बैठक गणपूर्तीअभावी झाली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात आग खालच्या धारेपर्यंत आली, तेव्हा त्यांनी आणि आणखी पाच बायकांनी हिरव्या फांद्यांनी झोडपून ती थांबवली होती. बांजाचा पट्टा वाचला होता आणि नौल्यात पाणी होते. राखणदाराला निदान चार महिने पगार मिळेल का, असे त्यांनी मला विचारले. मी आता कोणी अधिकारी नाही, हे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, अर्ज तरी लिहून द्या, तुम्हाला त्यांची भाषा येते. मी ओसरीवर बसून अर्ज लिहिला. त्यांनी रजिस्टरात तारीख टाकून त्याची नोंद केली आणि पेटी बंद केली.